पूल गेला असं समजा

९ जून, मंगळवार

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

हे पत्र रिकाम्या क्रेटात सापडेल. भोंग्याला बजावलंय, ट्रक चालवता चालवता उघडून वाचू नकोस म्हणून. म्हणजे तो ट्रक थांबवून वाचणार. (भोंगेदादा, वाचून झालं की घडी नीट घाला.) फोनच केला असता, पण तुमच्याकडे ढग आला की फोन मुका होतो आणि ढग नसला की आपण दोघी एकदम बोलतो.

मुद्द्याचं सांगते. गेल्या पावसाळ्यात दरीतला रस्ता खचला आणि तुमची भाजी सहा दिवस आली नाही. इस्पितळातल्या आठशे आजाऱ्यांना मी सहा दिवस डबाबंद वाटाणे वाढले. पायाचं हाड मोडलेला एकजण म्हणाला, "बाई, हाड जुळलं, आता मन मोडलंय." ते हसण्यावारी गेलं, पण आमची खरेदी समिती काही विसरलेली नाही. हवामान हल्ली कुणाच्या बापाचं ऐकत नाही, कधी ढगफुटी तर कधी भलत्या महिन्यात भट्टी. तेव्हा प्रत्येक पुरवठादाराने संकटाची काय तयारी केलीय ती फॉर्मवर लिहायची आणि एकदा तालीम करून दाखवायची, असा नियम अध्यक्षांनी काढलाय. शिवाय या मोसमात माल एकदा जरी चुकला तरी करार रद्द. मग गोठवलेल्या भाजीची पाकिटं येणार. आणि पाकिटं आली की तुमची भाजी निवडायची-भरायची शेड बंद. एवढा माल घेणारं दुसरं गिऱ्हाईक तुम्हाला नाही, हे तुम्हीही जाणता, मीही जाणते. बावीस बायकांचे हात रिकामे होतील.

तर ठरलंय असं: १९ तारखेला, शुक्रवारी, तुमचा पूल वाहून गेला असं समजा. त्या दिवशी पुलावर चाक घालायचं नाही. पठारावरच्या वाटेने, रेल्वेच्या कमानीखालून यायचं. तीन वाजता आमच्याकडे संध्याकाळची भाजी चिरायला घेतात. त्याआधी माल दारात आला की तालीम पास.

"समजा" म्हटलंय हं. उगाच पूल बघायला धावू नका.

तुमची भावजय

१२ जून, शुक्रवार

चि. कोठीवाल्या भावजयीस अनेक आशीर्वाद.

पूल बघून आले. धडधाकट आहे. माझ्या सासऱ्यांच्या वयाचा असून त्यांच्यापेक्षा कमी कुरकुरतो. त्याला जिवंतपणी मारायला निघालीस, काय म्हणावं तुला!

तुझ्या अध्यक्षांना सांग, गेल्या वर्षी ठेच लागली तिच्यावर आम्ही नुसती फुंकर घालत बसलो नाही. गाजर आता एकदम पेरत नाही, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन खेपांत पेरतो. एक खेप गारांनी झोडली तरी दुसरी तोवर जमिनीत डोकं लपवून असते. बटाट्याच्या दोन जाती लावल्यात, एक पाण्याला न भिणारी, एक उन्हाला. आणि शेडमागे चढावर कोठार बांधलंय. तिथे ओलसर वाळूच्या पेट्यांत आठ दिवस पुरतील एवढी गाजरं निजवून ठेवलीत. हे मला कुठल्या कॉलेजात कोणी शिकवलं नाही. सामानाच्या पुड्या ज्या कागदात येतात त्यांवर वाचलं आणि करून बघितलं. पहिल्यांदा वाळूत पाणी जास्त झालं आणि गाजरांना अशा मिशा फुटल्या की एकेक ओळखीचं वाटायला लागलं. कुणासारखं ते लिहीत नाही, माझा सख्खा भाऊ आहे तो आणि तुझा नवरा.

राहिली वाट. पठारावरून चाळीस किलोमीटर जास्त पडतात आणि त्यातले तीस नुसते खड्डे आहेत, असं भोंगा म्हणतो. पण तू म्हणतेस ना, मग पूल मेला. शुक्रवारी बघच आमची करामत.

तुझी वन्सं

ता. क. वहिनी, घडी नीट घातली होती. — भोंगा

१९ जून, शुक्रवार

चि. भावजयीस आशीर्वाद.

झाली गं तालीम! काय वर्णन करू! पूल आमच्यापुरता मेलेला होता, आम्ही त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. पठारावर असा वारा होता की ताडपत्री उडून दुसऱ्या गावी संसार थाटते की काय असं वाटलं. मी पुढे भोंग्याशेजारीच बसले होते. अकराच्या सुमारास रेल्वेची कमान आली. भोंग्याने वेग कमी केला, मी डोळे मिटले, आणि गाडी कमानीखालून सुळकन निघाली, सुईतून दोरा निघावा तशी. पलीकडे थांबून आम्ही दोन घोट पाणी प्यालो. अडचण म्हणशील तर एकही नाही. फॉर्मवर तसंच लिही.

वन्सं

ता. क. मी साक्षीला होतो. — भोंगा

१९ जून, संध्याकाळ

ती. वन्संना नमस्कार.

वर्णन फार सुंदर. डोळ्यांपुढे कमान उभी राहिली. फक्त एक शंका आहे. हे पत्र तुम्ही सकाळी सहा वाजता, गाडी सुटायच्या आधी, वरच्या क्रेटात ठेवलंत. मग त्यात अकरा वाजताची कमान कुठून आली?

दुसरी शंका. भोंग्याशेजारी बसून आलात, मग उतरलात कुठे? दारात तो एकटाच उतरला. का वन्संना आम्ही बटाट्यांबरोबर आत घेतलं?

गाडी दोन वाजता आली, हे कबूल. पण ती सकाळभर पुलाजवळच्या चहाच्या टपरीमागे उभी होती, हे भोंग्याने आमच्याकडच्या दुसऱ्या कपाला कबूल केलं. मग ती त्याच पुलावरून आली, ज्याच्याकडे तुम्ही मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं!

आता माझं ऐका. अध्यक्ष घड्याळ बघत दारातच उभे होते. माल उतरवून, मोजून झाल्यावर त्यांनी फॉर्म पुढे केला. तोवर तुमचं पत्र माझं वाचून झालं होतं, भोंग्याचं तोंडही वाचून झालं होतं. तरी मी "पर्यायी मार्ग तपासला, अडचण नाही" असं लिहून खाली सही ठोकली. एकतीस वर्षं कोठी सांभाळतेय, नसलेली जुडी कधी आहे म्हणून लिहिली नव्हती. आज अख्खा रस्ता लिहिला.

पुढच्या आठवड्यात खरोखर जाऊन या. म्हणजे सही उशिरा का होईना, खरी होईल.

भावजय

२६ जून, शुक्रवार

चि. भावजयीस आशीर्वाद.

चुकलं. एवढंच लिहून पाठवणार होते, पण कागद बराच उरला.

तालमीच्या आदल्या दिवशी बटाटे निवडायलाच वेळ गेला, वाट बघून यायची राहिली. भोंगा म्हणाला, एवढ्या लांबून तीनच्या आत पोचू याची खात्री नाही. मी मनात म्हटलं, खोट्या पुलापायी खरी शेड जायची. मग त्याच रात्री बसून ते वर्णन लिहिलं. लिहिताना मजा वाटली हे खोटं कशाला बोलू? पण तुला सही करावी लागेल हे डोक्यात आलं नाही. माझी अक्कल वाळूच्या पेटीत निजली होती.

खरी फेरी करतो, पण जरा दम धर. पहिल्या खेपेचं गाजर काढणीला आलंय, बायकांना मान वर करायला फुरसत नाही. दहा तारखेनंतर नक्की. तोवर पूल काय पळून जातोय?

भोंगा खुशीत आहे. थंडीत त्याने हौद्यावरचा लोखंडी सांगाडा उंच करून घेतला होता, आता क्रेटांचा एक थर जास्त बसतो. "ट्रक नाही, महाल आहे," असं ज्याला त्याला सांगतो.

वन्सं

७ जुलै, मंगळवार, कमानीपाशी

भावजये,

क्रेटाच्या लेबलामागे लिहितेय. रूळ तपासणारे एक भाऊ ही चिठ्ठी सायकलवरून स्टेशनात नेतायत. तिथले मास्तर तुला फोनवर वाचून दाखवतील. मास्तर, नमस्कार, तसदीबद्दल माफी.

काल दुपारी दोन तास आभाळ फाटलं. पूल मधोमध गेला. माणूस एकही गेला नाही, तेवढं बरं. पहाटे माल भरून पठारावरून निघालो, मी आणि पाचजणी. दहा वाजता कमान आली. भोंग्याचा महाल कमानीपेक्षा वीतभर उंच आहे. चाकांतली हवा सोडून पाहिली, दोन बोटं मिळाली. सांगाडा वेल्डिंगचा आहे, निघत नाही. भोंगा दगडावर बसून कमानीकडे असा बघतोय, जणू तिनेच उंची कमी करून घेतली.

साठ क्रेट इकडे, तू तिकडे. इथून तुझ्यापर्यंत दीड तास. तीनला माल नाही आला तर शेड गेली. तुझ्याकडे काही बुटकं वाहन असेल तर घेऊन ये. मास्तर, हे शेवटचं वाक्य जरा कळवळून वाचा.

वन्सं

१० जुलै, शुक्रवार

ती. वन्संना नमस्कार.

मास्तरांनी "मास्तर, हे शेवटचं वाक्य जरा कळवळून वाचा" हेसुद्धा कळवळून वाचलं.

कमानीपाशी तुम्ही माझा नुसता अवतार पाहिलात. त्याआधीचं ऐका. इस्पितळात बुटकी वाहनं म्हणजे लाँड्रीच्या दोन व्हॅन. लाँड्रीप्रमुखांकडे गेले तर ते म्हणाले, "बाई, चादरी भरल्यात." मी म्हटलं, "मग उतरवा." ते म्हणाले, "लेखी आणा." मी त्यांच्याच भिंतीवरच्या वेळापत्रकावर लेखी दिलं आणि चादरी उतरवायला लागले. शेवटी तेही लागले, कारण मी घड्या मोडत होते ते त्यांना बघवेना.

दोन वर्षांनी आपण भेटलो, वन्सं. पाय घोट्यापर्यंत पाण्यात, डोक्यावरून मालगाडी धडधडतेय, आणि तुमचं पहिलं वाक्य काय? "क्रेट आडवा धर!" ख्यालीखुशाली नाही, काही नाही. साठही क्रेट हातोहात पलीकडे गेल्यावर तुम्ही माझ्या केसांकडे बघून म्हणालात, "पिकलीस की गं." तुमच्या तोंडाला काळं वंगण लागलं होतं, ते मी मुद्दाम सांगितलं नाही.

माल तीनला दहा कमी असताना दारात आला. भाजी चुकली नाही. इथपर्यंत गोड.

आता कडू. अध्यक्षांनी १९ जूनचा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. "तालमीत गाडी कमानीतून गेली होती. मग परवा का अडकली?" एवढंच विचारलं. बुधवारपर्यंत लेखी उत्तर द्यायचंय. आज व्हॅनबरोबर आलेल्या भोंग्याने तोड सुचवली: सांगाडा तालमीनंतर वाढवला असं लिहा, कोण बघायला आलंय? खरं सांगते, तो बोलायच्या आधी ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं. तसं लिहिलं तर सगळे सुटतो. खरं लिहिलं तर तालीम खोटी ठरते, आणि खोटी तालीम म्हणजे करार मोडायला आयतं कारण.

शेड तुमची आहे. काय लिहू, तुम्ही सांगा.

भावजय

१४ जुलै, मंगळवार

चि. भावजयीस आशीर्वाद.

शेड माझी एकटीची नाही, म्हणून काल सगळ्यांना थांबवलं आणि क्रेटावर चढून सगळं सांगितलं. टपरी, ते सुंदर वर्णन, तुझी सही, सगळं. या वयात क्रेटावर चढणं सोपं, बोलणं अवघड.

कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्यात जी सगळ्यात कमी बोलते, ती हातातलं गाजर पुसत म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी आम्ही पहाटे पाचला येऊन माल भरला, ती चहाची तालीम होती होय?" मला क्रेटावरून उतरायला जागा सापडेना.

मग चर्चा झाली. एकीचं म्हणणं, भोंग्याचंच लिहावं. दुसरी म्हणाली, पुढच्या वेळी पाऊस तिसऱ्याच वाटेने आला तर तिसरं खोटं कोण लिहिणार, वन्संच का? (तुझं बघून मला इथे सगळ्याच वन्सं म्हणतात, पण त्या वेळी त्यात माया नव्हती.) कमी बोलणारी परत बोलली. तिचं म्हणणं, सडकं गाजर पेटीत राहू दिलं तर शेजारचंही जातं, हे वन्संनीच आपल्याला शिकवलं. बावीस हात वर झाले.

तर खरं लिही. सोबत अध्यक्षांच्या नावाचं पत्र देतेय. त्यात लिहिलंय की खोटं मी रचलं, भोंग्याने चहात बुडवून खाल्लं, आणि माझ्या भावजयीने माझ्यासाठी गिळलं. तरीही शेड बंद केली तर आम्ही दुसरं गिऱ्हाईक शोधू, नाही मिळालं तर आणखी काही. पण तुझी एकतीस वर्षांची कोठी माझ्या एका सुळकनपायी नासवायची नाही.

भोंगा तुझ्या नजरेला नजर देणार नाही, त्याला चहा देऊ नकोस.

वन्सं

१७ जुलै, शुक्रवार

ती. वन्संना नमस्कार.

दिला चहा. अर्धा कप.

काल समिती बसली. मी उभी. तुमचं पत्र अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं, "गिळलं"पाशी एकदा चष्मा काढून पुसला. मग मीही सांगितलं, की सही करताना मला सगळं ठाऊक होतं, फसवलं कोणी नाही. मला लेखी समज मिळाली आहे. कागद चांगला जाड आहे.

मग एक सदस्य म्हणाले, "आता पाकिटंच मागवू." अध्यक्षांनी कपाटातून अकरा पुरवठादारांचे अकरा फॉर्म काढले आणि टेबलावर पत्ते मांडावेत तसे मांडले. दूधवाले, धान्यवाले, फळवाले, आणि पाकिटवालेसुद्धा, ते आपल्याला बर्फ पुरवतात. म्हणाले, "वाचा." मी वाचलं. आपला सोडून दहाच्या दहा फॉर्मवर एकच: अडचण नाही. अडचण नाही. बर्फवाल्यांनी तर वीज जाण्याची तालीम चार मिनिटांत उरकली होती.

अध्यक्ष म्हणाले, "या अकराव्या फॉर्मवरही तेच होतं. पण आता मला यांची कमान किती उंच आहे ते माहीत आहे. बाकीच्या दहांची कमान कुठे आहे, हे कोण सांगेल?"

शेड राहिली, वन्सं! दहाजणांना परत तालीम करायला लावलीय, आणि नियमही बदललाय. तालमीत नापास झालं तर चालेल, लपवलं तर करार गेला. आपल्याला दर महिन्याला तालीम आणि गाडीत समितीचा माणूस. नवा पूल होईपर्यंत माल कमानीपाशी हातोहात घ्यायचा, लाँड्रीच्या व्हॅन आठवड्यातून दोनदा आपल्या. (लाँड्रीप्रमुख कुणाशी बोलत नाहीत.) आणि माझ्या कोठीतही यापुढे दोन दिवसांचे बटाटे-गाजर शिल्लक ठेवायचे, सगळा भार एका वाटेवर टाकायचा नाही. वाळूच्या पेट्या कशा भरायच्या ते नीट लिहून पाठवा. मिशा नकोत.

पहिली तालीम २८ तारखेला, मंगळवारी. अध्यक्ष स्वतः येणार आहेत. तुमची शेड पाण्याखाली गेली असं समजायचं, आणि माल फक्त चढावरच्या कोठारातून द्यायचा.

भावजय

३१ जुलै, शुक्रवार

चि. भावजयीस आशीर्वाद.

अध्यक्षांनी तुला सांगितलं असेलच, पण ते भिडस्त आहेत, म्हणून माझ्याकडूनही ऐक.

सकाळी आठला सगळ्याजणी कोठारापाशी हजर. पेट्या तयार, ओळ तयार. भोंग्याने सांगाडा दोन वीत कापून खाली आणलाय, त्याचा महाल आता झोपडी झालाय. अध्यक्ष कमानीकडून येणार म्हणून मी त्यांच्या स्वागताला दोन कोस चालत पुढे गेले होते. केस नीट, तोंडाला वंगण नाही. ते गाडी चिखलामुळे मागे ठेवून पायीच आले, त्यांना मी वाटेतच तीन खेपांची पेरणी समजावून सांगितली, बटाट्याच्या जाती सांगितल्या, एका माणसावर, एका वाटेवर, एका पिकावर कसं विसंबू नये तेही सांगितलं. ते ऐकत होते, मी रंगत होते. तेवढ्यात समोरून आपली कमी बोलणारी धापा टाकत पळत आली.

"वन्सं, किल्ली!"

कोठाराची एकुलती एक किल्ली माझ्या कमरेला होती.

मागे पोचेपर्यंत अध्यक्षांनी घड्याळ काढलं होतं. सव्वा तास गेला. माल तुझ्याकडे तीन वाजून वीस मिनिटांनी आला आणि तुला शिलकीतले बटाटे चिरायला घ्यावे लागले, हे मला कळलंय. लपवायची सोय नव्हती, आणि गंमत म्हणजे इच्छाही झाली नाही. फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं: नापास. कारण, किल्ली वन्संच्या कमरेला आणि वन्सं दोन कोस पुढे. खाली ठसठशीत सही केली. अध्यक्षांनी तो कागद घडी न घालता फाइलीत ठेवला.

आता तीन किल्ल्या केल्यात. एक कमी बोलणारीकडे. एक भोंग्याकडे. तिसरी मी अशा पक्क्या जागी ठेवलीय की कुणाला सापडायची नाही. काल संध्याकाळपासून शोधतेय, मलाही सापडत नाही.

हे तेवढं फॉर्मवर लिहू नकोस.

बरं, लिही.

तुझी वन्सं